चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचे?
(स्वतंत्र गायक-वादकांचा आजचा बाजार)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. तालीम संपल्यावर पेटी मिटता मिटता मी तुकोबांच्या एका अभंगाची चाल गुणगुणत होतो. कन्नड विभागातली, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारातच थबकली. ही मुलगी बसवण्णांची आणि अक्कमहादेवींची वचने फार गोड गाते. ती म्हणाली, "सर, ही चाल आमच्या आजीच्या फोनवर रोज सकाळी लागते की!" तिने फोन काढून तो अभंग लावला. आवाज माझाच होता, ऐन तरुणपणीचा. गाण्याखाली ऐकणाऱ्यांचा आकडा साडेचार लाखांच्या पुढे गेला होता आणि श्रेयनामावलीत लिहिले होते : 'संगीत – पारंपरिक'. गायकाच्या जागी नुसते 'भजनी समूह'.

"चाल तुमची म्हणता, आवाज तुमचा म्हणता, मग हितं नाव का नाही, सर?" तिचा प्रश्न सरळ होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ही ध्वनिफीत १९९७ सालची. मी तेव्हा नुकताच वाणिज्य शाखेत व्याख्याता म्हणून रुजू झालो होतो आणि शहापूरच्या एका भजनी मंडळात पेटी धरीत असे. एका छोट्या कॅसेट कंपनीच्या माणसाने आमचे गाणे सप्ताहात ऐकले आणि आठ अभंगांची ध्वनिफीत काढायचे ठरवले. आठही चाली माझ्या. एका दिवसात ध्वनिमुद्रण उरकले. संध्याकाळी त्याने पाच हजार रुपये मोजले, एक टंकलिखित कागद पुढे केला आणि म्हणाला, "मास्तर, नेहमीचाच कागद आहे. खाली सही करा तेवढी." मी सही केली. त्याच दिवशी सकाळच्या तासाला मी १८७२ चा भारतीय करार कायदा शिकवून आलो होतो, हे सांगताना आजही मान खाली जाते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला संगीताच्या आजच्या बाजाराचा बराच अभ्यास करावा लागला. तो येथे मांडतो. आपल्या महाविद्यालयात गाणारी, वाजवणारी, चाली लावणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

१. 'स्वतंत्र' म्हणजे कोण?

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गपुढे गाणी म्हटली. भारतीय ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाची सुरुवात आपण तेथून धरतो. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. घटकान् घटका चालणारा राग गवयांनी त्या तीन मिनिटांत बसवला. आपल्या भागाने या तबकडीचे ऋण मान्य केले पाहिजे. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी हुबळी' असे नाव छापलेले असे. गदगच्या भीमसेन जोशींना लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने वेड लावले आणि ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पण गाणे मुद्रित करण्याचे यंत्र, तबकडी दाबण्याचा कारखाना आणि दुकानदारांची साखळी ही तिन्ही साधने कंपनीच्या हाती होती. कोणाचे गाणे लोकांच्या कानी पडावे, हे ती ठरवी.

ही मक्तेदारी प्रथम फोडली ती कॅसेटने. १९८० च्या दशकात ध्वनिफीत इतकी स्वस्त झाली, की गल्लीतल्या माणसालाही कंपनी काढता येऊ लागली. १९८३ साली सुरू झालेली टी-सिरीज हे याचे मोठे उदाहरण. पण तिच्यासारख्या शेकडो छोट्या कंपन्यांनी भजने, लावण्या, भारुडे, जानपद गीते, तत्त्वपदे घरोघरी नेली. माझी ध्वनिफीत त्याच लाटेतली. मुद्रणाचे साधन असे खाली उतरले खरे. करार मात्र पूर्वीसारखाच एकतर्फी राहिला.

तिसरी पायरी आंतरजालाची. १९९९ मध्ये नॅपस्टरने गाण्यांची फुकट देवघेव सुरू करून कंपन्यांची झोप उडवली. २००३ मध्ये ॲपलने सुटी गाणी विकायला काढली. २००५ मध्ये यूट्यूब आले. २००८ मध्ये स्वीडनमध्ये स्पॉटिफाय सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते भारतात पोचले. आता गाणे विकत घ्यायचे नसते; महिन्याचे शुल्क भरून किंवा जाहिराती सोसून ते ऐकायचे असते.

तेव्हा 'स्वतंत्र कलावंत' याचा अर्थ एवढाच, की ज्याने ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि जोखीम स्वतः उचलली आणि म्हणून त्या ध्वनिमुद्रणाची मालकीही स्वतःकडे ठेवली. त्याचे गाणे शास्त्रीय असेल, भजन असेल किंवा रॅप असेल. संगीताच्या प्रकाराशी स्वातंत्र्याचा संबंध नाही.

असे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स' काढून कलावंतांना स्वतःचे संगीत स्वतः विकण्याची वाट करून दिली. 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाने २०१० मध्ये आपला नवा गीतसंग्रह एका प्रायोजकाच्या बळावर महिन्यागणिक एक गाणे या रीतीने रसिकांना फुकट दिला. रघु दीक्षित यांच्या २००८ च्या पहिल्या संग्रहात शिशुनाळ शरीफांची कन्नड पदे आजच्या वाद्यमेळात ऐकू येतात. प्रतीक कुहाड यांचे २०१८ चे एक इंग्रजी गीत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१९ च्या आपल्या आवडत्या गाण्यांत घातले. त्यानंतर २०२० मध्ये त्यांनी एका अमेरिकन कंपनीशी करार केला. आणि २०२४ मध्ये संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे चित्रपटाबाहेरचे मराठी गाणे मराठी न समजणाऱ्यांच्याही लग्नाच्या वरातीत वाजले.

ही नावे मी उमेद वाढवण्यासाठी दिली; पण ती अपवादांची नावे आहेत. नियम समजायचा असेल तर कायदा आणि हिशेब पाहावा लागेल.

२. एका गाण्यात दोन मालमत्ता

आपण 'गाणे' हा एक शब्द वापरतो. कायद्याला त्यात निदान दोन वेगळ्या वस्तू दिसतात. पहिली म्हणजे रचना : शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण. शब्दांचा मालक कवी, चालीचा मालक संगीतकार, आणि ध्वनिमुद्रणाचा मालक ते करवून घेण्यात पुढाकार घेणारा व जबाबदारी उचलणारा निर्माता. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क असतात. रचनेचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षे.

एक दृष्टांत देतो. घराची जागा एकाची आणि त्यावरचे बांधकाम दुसऱ्याचे असू शकते. चाल ही जागा; ध्वनिमुद्रण हे बांधकाम. एकाच जागेवर जुने घर पाडून नवे बांधता येते. चालीच्या बाबतीत तर जुने घर न पाडताही शेजारी दुसरे उभे करता येते.

तुकोबांचे शब्द आता सर्वांचे आहेत, बसवण्णांचेही. पण त्या शब्दांना तुम्ही नवी चाल लावलीत तर ती चाल तुमची. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात मुळात संगीतकृती म्हणजे छापलेली किंवा लिहून काढलेली स्वररचना, अशी व्याख्या होती. आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात जाते. स्वरलेखन करून ठेवणारा विरळा. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून लागू झाली, लेखनाची ही अट काढून टाकली. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याची चालही तेव्हापासून कागदावाचून मालमत्ता ठरली.

त्याच दुरुस्तीने आणखी एक नियम आणला. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी हवे, हे तर आहेच. पण त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच झाले असे मानायचे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. हे कलम १९ वाचले त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक उतरवली. कागद सापडला, कडा वाळवीने खाल्लेल्या. 'आठ अभंगांचे सर्व हक्क कंपनीस दिले असून मोबदला पावला', एवढाच मजकूर. मुदतीचा उल्लेख नाही. म्हणजे माझ्या चाली २००२ सालीच माझ्याकडे परत आल्या होत्या! वीस-एकवीस वर्षे मी स्वतःच्या मालाकडे दुसऱ्याचा म्हणून पाहत होतो.

मात्र ते जुने ध्वनिमुद्रण कंपनीचेच होते आणि आहे. ते मी कोठेही चढवू शकत नाही. चाल माझी, मुद्रण त्यांचे.

आणि नावाचे काय? कलम ५७ सांगते, की कृती आपली आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क कॉपीराइटहून वेगळा आहे. कॉपीराइट विकला तरी तो हक्क कर्त्याकडेच राहतो. मी पाच हजारांत चाली विकल्या असतील. नाव विकले नव्हते. 'पारंपरिक' हा शब्द तेथे चुकीचा होता.

पुढे २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताचा हात आणखी बळकट केला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू हिरिरीने मांडली होती. आता गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. म्हणून आज कोणी 'रॉयल्टीवर पाणी सोडा' असे लिहिलेला कागद पुढे केला, तर त्याला कायद्याचा आधार नाही हे ओळखा.

३. गाणे बाजारात जाते कसे?

पूर्वी खडेबाजारातल्या कॅसेटच्या दुकानात ध्वनिफीत ठेवायला कंपनीचा माणूस लागे. आजही स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांसारख्या ठिकाणी कलावंत सहसा स्वतः परस्पर माल ठेवीत नाही. मध्ये वितरक असतो. सीडी बेबी, ट्यूनकोअर, डिस्ट्रोकिड अशी काही परदेशी नावे. आपल्याकडेही असे वितरक आहेत. कोणी वर्षाला ठराविक शुल्क घेतो, कोणी उत्पन्नातला हिस्सा. हा वितरक तुमच्या ध्वनिमुद्रणाचा मालक होत नाही. तो निव्वळ माल पोचवणारा असतो. वितरणाचा करार आणि मालकीच्या हस्तांतराचा करार यांतला हा फरक स्वतंत्र कलावंताने पाठच करावा.

गाणे देताना त्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. ही त्या ध्वनिमुद्रणाची जन्मनोंद. वितरक बदलला तरी क्रमांक तोच ठेवावा; नाही तर ऐकणाऱ्यांचा जुना हिशेब तुटतो. त्याबरोबर गायक, संगीतकार, गीतकार, वादक यांची नावे भरायची असतात. मुले हा भाग कंटाळ्याने उरकतात. माझे नाव हरवले ते असल्याच एका रिकाम्या चौकटीत. तबलजीचे नाव, पखवाजियाचे नाव, साथीच्या बायकांची नावे, सर्व भरा. नावाची शुद्धलेखनाची चूकही पुढे पैशाची चूक होते.

आता महत्त्वाचे. वितरकाकडून येतो तो पैसा ध्वनिमुद्रणाचा. रचनेचा पैसा निराळ्या वाटेने येतो. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. २०१७ मध्ये तिची कॉपीराइट संस्था म्हणून नव्याने नोंदणी झाली. नभोवाणी, हॉटेले, जाहीर कार्यक्रम आणि आंतरजालावरच्या सेवा यांच्याकडून रचनेची रॉयल्टी ती गोळा करते. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये 'इस्रा' या नावाने संस्था नोंदली गेली. स्वतः चाल लावून स्वतः गाणारा मुलगा केवळ वितरकाकडे नोंद करून थांबला, तर तो एका खिशातले पैसे घेतो आणि दुसरा खिसा उघडून पाहतच नाही.

आणि दुसऱ्याचे गाणे गाणाऱ्यांसाठी : चित्रपटगीत किंवा हयात कवीचे भावगीत स्वतःच्या आवाजात मुद्रित करून बाजारात ठेवायचे असेल, तर रचनेच्या मालकाचा परवाना लागतो. 'मी तर नुसता आवाज दिला' हे समर्थन होत नाही.

४. पैशाचे गणित

विद्यार्थी हमखास विचारतात, "एकदा गाणे ऐकले की किती पैसे मिळतात?" प्रश्नच चुकीचा आहे, कारण बहुतेक सेवांचा एका ऐकण्यामागे बांधलेला दर नसतो. महिन्याचे सर्व उत्पन्न एकत्र करतात, सेवा आपला हिस्सा काढून घेते (स्पॉटिफायच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे दोन-तृतीयांश रक्कम हक्कधारकांकडे जाते), आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटतात.

फळ्यावर मांडतो तसे मांडतो. समजा, दोनच ग्राहक आहेत आणि प्रत्येकी १०० रुपये भरतात. सेवेने ६० रुपये ठेवले. वाटायला १४० उरले. पहिल्या ग्राहकाने महिनाभरात ९०० वेळा फक्त चित्रपटगीते ऐकली. दुसऱ्या आजीबाईंनी १०० वेळा फक्त अभंग ऐकले. एकूण ऐकणी १०००. प्रमाणाने अभंगवाल्याला १४ रुपये मिळाले आणि चित्रपटगीतांना १२६. आजीबाईंनी आयुष्यात चित्रपटगीत लावले नाही. तरी त्यांच्या १०० रुपयांतून वाटणीला आलेल्या ७० पैकी ५६ तिकडे गेले!

याला पर्याय असा, की प्रत्येक ग्राहकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांतच वाटावे. मग अभंगवाल्याला ७० मिळतील. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये हा मार्ग स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केला. फ्रान्सच्या डीझरने २०२३ मध्ये तिसरा मार्ग काढला : महिन्याला निदान १००० ऐकणी आणि ५०० वेगळे श्रोते असलेल्या कलावंताच्या ऐकण्यांना दुप्पट वजन. स्पॉटिफायने मात्र २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. किरकोळ रकमा पोचवण्याच्या खर्चात वाया जातात आणि खोटी गाणी भरून पैसे लाटणारे सोकावतात, हे त्यामागचे कारण सांगतात. ते खोटे नाही. पण नवोदिताच्या ताटातला घासही त्याबरोबर उचलला जातो.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य आणि वर्षात ४००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत आखूड चित्रफितींची एक कोटी दर्शने, अशी अट आहे. त्यात आपल्याकडे बहुसंख्य श्रोते फुकटच ऐकतात. तेव्हा केवळ ऐकण्यांच्या पैशावर घर चालेल, या समजुतीने कोणी पदवी अर्धवट सोडू नये. बहुतेक कलावंतांचे पोट आजही कार्यक्रम, शिकवण्या आणि साथसंगत यांवरच चालते; ध्वनिमुद्रण हे त्यांचे निमंत्रणपत्र असते.

एक वाट राहिली : रसिकाकडून थेट पैसे. इंग्लंडच्या रेडिओहेड या वाद्यवृंदाने ऑक्टोबर २००७ मध्ये आपला संग्रह 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून खुला केला. २००८ पासून चालणारे बँडकॅम्प गाण्याच्या विक्रीतून साधारण १५ टक्के घेते आणि बाकी कलावंताला देते. आपल्या वारकरी संप्रदायात कीर्तनानंतर फिरणारे ताट हेच काम शतकानुशतके करीत आले आहे. हजारो उदासीन श्रोत्यांपेक्षा शंभर जिव्हाळ्याचे श्रोते स्वतंत्र कलावंताला अधिक तारतात.

५. नवे वारे

पहिला वारा आखूडपणाचा. आता पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रफितींतून गाणी पसरतात. म्हणून गीतांची प्रस्तावना आखूड झाली. पहिल्या चार सेकंदांत पकड घ्यावी लागते. काही जण याला कलेचा ऱ्हास म्हणतात. तीन मिनिटांच्या तबकडीवेळीही असेच म्हणणारे होते. साधनाने आकार बदलतो; आशय राखणे हे कलावंताचे काम.

दुसरा वारा परावलंबनाचा. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांचे सारे चाहते तेथेच होते त्यांचे एका रात्रीत कोणी उरले नाही. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या दोन सेवा येथे बंद झाल्या. भाड्याच्या जागेवर दुकान थाटावे, पण गिऱ्हाइकांची वही आपल्या घरी ठेवावी. मूळ ध्वनिमुद्रण, क्रमांक, करार आणि रसिकांचे पत्ते स्वतःजवळ जपावे.

तिसरा वारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२२ मध्येच रोज लाखभर नवी गाणी आंतरजालावर येत असल्याचे कंपन्यांचे प्रमुख सांगत होते. एप्रिल २०२५ मध्ये डीझरने जाहीर केले, की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी २० हजारांहून अधिक, म्हणजे १८ टक्के, पूर्णतः यंत्राने बनवलेली असतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत हा आकडा ५० हजारांवर, ३४ टक्क्यांवर गेला. यंत्र दुसऱ्याचा आवाजही उचलते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी यांत्रिक नक्कल करण्यास मनाई केली. मोठ्या गायकाला न्यायालयाचे दार परवडते. सामान्य गायकाने निदान एवढे करावे, की 'आवाजाचा कोणत्याही रीतीने वापर' असे मोघम शब्द असलेल्या कागदावर सही करू नये.

६. आमचा प्रयोग

आता शेवटी आमच्या घरचा हिशेब. जुन्या कंपनीला मी पत्र लिहिले. ती एव्हाना दुसऱ्याच्या हाती गेली होती. उत्तर आले नाही. मग त्या विद्यार्थिनीने आणि तिच्या मित्रांनी ठरवले, की सरांच्या चाली नव्याने मुद्रित करायच्या, आणि त्याबरोबर तिची चार वचनेही. महाविद्यालयाच्या एका खोलीत गाद्या-रजया टांगून आवाजाचा घुमारा मारला. एक बरा माइक, एक संगणक, उसना पखवाज. खर्च अठरा हजार रुपये. निम्मा माझा, निम्मा मुलांनी वर्गणीतून काढला. सुरुवातीलाच एका पानाचा करार मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिला : चाली कोणाच्या, मुद्रण कोणाचे, कोणाला किती टक्के, किती वर्षे. पखवाज वाजवणारा मुलगा हसून म्हणाला, "सर, आपल्या आपल्यात कशाला कागद?" मी म्हटले, "आपल्या आपल्यातच पहिला कागद हवा, बाळ. परक्याशी आपण सावध असतोच."

गाणी चढवली. तिसऱ्याच दिवशी यूट्यूबच्या यंत्राने सूर ओळखले आणि जुन्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाच्या वतीने माझ्या गाण्यावर दावा लावला. मुले घाबरली. मला मात्र, खरे सांगतो, आनंद झाला. कारण जी चाल 'पारंपरिक' म्हणून लिहिली होती तिच्यावर मालकी सांगायला कोणीतरी पुढे आले होते! आम्ही हरकत नोंदवली. मुदत नसलेला १९९७ चा कागद, कलम १९, नव्या मुद्रणाची तारीख, सर्व थोडक्यात लिहिले. दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते आले नाही आणि दावा आपोआप गळून पडला.

वर्षभरात वितरकाकडून मिळाले एक हजार एकशे चाळीस रुपये. हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार. वाणिज्याचा शिक्षक म्हणून मी तो लपवणार नाही. पण ती वचने ऐकून त्या मुलीला दोन गावांतून कार्यक्रमाची बोलावणी आली आणि त्या दोन रात्रींची बिदागी सगळ्या ऐकण्यांच्या पैशापेक्षा कितीतरी अधिक भरली. निमंत्रणपत्राने आपले काम केले.

जुन्या गाण्याखाली आजही 'पारंपरिक' हेच लिहिलेले आहे. नव्याखाली आम्हा नऊ जणांची नावे आहेत, पखवाजियाचेही.

विद्यार्थी मित्रहो, या लेखातले आकडे बदलतील, सेवांची नावे बदलतील. चार गोष्टी मात्र टिकतील असे वाटते. सही करण्यापूर्वी कागद वाचा आणि त्यात मुदत, प्रदेश व मोबदला शोधा. चाल आणि मुद्रण यांचा वेगळा हिशेब ठेवा. साथीदारांची नावे आधी लिहा, मग आपले. आणि मूळ प्रत कोणालाही देऊ नका.

परवा ती मुलगी सांगत होती, की आजीच्या फोनवर आता नवे गाणे लावून दिले आहे. मी विचारले, "आजी काय म्हणाल्या?" ती हसली. "म्हणाल्या, आधीचा आवाज बरा होता. पण नाव कुणाचं ते मात्र विचारून घेतलं, सर."